वहीतल्या सहा खुणा

प्रल्हादभाऊंची आणि माझी पहिली भेट अकोल्यात, जठारपेठेतील त्यांच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात झाली. नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यात शिकलेला मी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलो होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सकायी आल्यावर पयले काय करशीन?"

"कम्प्युटर सुरू करीन."

ते हसले. "नाही. पयले वही उघडाची."

शाळांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या भाऊंचा हा नेम आज साठाव्या वर्षीही सुटलेला नाही. सकाळी दिवसाची तीन कामे लिहायची. ती संपल्याशिवाय चौथ्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी शाळांच्या नोंदींचा बॅकअप, म्हणजे राखून ठेवलेली प्रत, दुसऱ्या संगणकावर उघडायचा, एका विद्यार्थ्याची नोंद डोळ्यांनी पाहायची आणि मगच वहीत खूण करायची. आमचे सहकारी रफिक एकदा म्हणाले, "भाऊ, वहीतच लिवाचं होतं तं कम्प्युटर काहून घेतले?" भाऊ म्हणाले, "कम्प्युटर इसरत नाही रे बावा, तू इसरते."

नोकरी लागल्यावर संध्याकाळची ती खूण करण्याचे काम माझ्याकडे आले. बॅकअप आपोआप होतो, मग रोज उघडून काय पाहायचे, असे मला वाटू लागले. शनिवारी मी आठवड्याच्या सहाही खुणा एकदम करू लागलो. रोज देवापुढे दिवा लावणारा हातच हे करीत होता. लिहिताना मान खाली जाते.

एका जूनमध्ये, ऐन दाखल्यांच्या दिवसांत, एका शाळेचा संगणक बंद पडला. बॅकअप उघडला, तर फाइली रिकाम्या. मुख्याध्यापिका संतापल्या. भाऊ म्हणाले, "चूक माझी आहे, मॅडम." मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही.

पुढचे नऊ दिवस भाऊ शाळेत बसून दाखल-खारीज रजिस्टरवरून, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या जुन्या नोंदवहीवरून, एकेक नाव टाइप करीत होते आणि मी वाचून दाखवीत होतो. दुपारी ते आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सारत. दहाव्या दिवशी त्यांनी काही न विचारता वही पुन्हा माझ्याच हाती दिली. त्यानंतर मी खोटी खूण केली नाही. पण खरे सांगायला बावीस वर्षे लावली.

हा लेख छापण्याआधी त्यांना ऐकवावा, म्हणून गेल्या आठवड्यात संध्याकाळी कार्यालयात त्यांच्यासमोर बसून वाचला. वाचून झाल्यावर भाऊ म्हणाले,

"फाइली रिकाम्या निघाल्या, त्याच दिवशी वही चाळली होती मी. साही खुणा एका दमात केलेल्या समजतेत रे."

"मंग बोलले काहून नाही, भाऊ?"

"तू बोलशीन म्हणून वाट पाहून राहिलो होतो. लय टाइम लावला बावा." मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "आजचा बॅकअप पाह्यला का?"

लेखाच्या नादात तो राहिला होता. मी उठलो. पलीकडच्या संगणकावर बॅकअप उघडला, एका मुलीची नोंद नावापासून जन्मतारखेपर्यंत वाचली आणि मग वहीत खूण केली.

प्रल्हादभाऊंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि रोज संध्याकाळी बॅकअपचा हा प्रश्न त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळो, एवढेच देवाजवळ मागतो.