सूनबाईची जाहिरात आणि फूलबागेतली मंडळी

सूनबाईने इकडे हिंदी मुलखात, दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरातूनच फराळाचा धंदा सुरू केला, तेव्हा सगळ्यांत जास्त उत्साह आमच्या ह्यांना. चकली तळायचा नव्हे हं, चाखायचा. तिने इंटरनेटवर जाहिरातही दिली. त्यात असं असतं, की जाहिरातीवर कुणी बोट लावलं की कंपनी आपले पैसे कापते, मग तो माणूस चकली घेवो न घेवो. दिवसाची ठरवलेली रक्कम संपली की जाहिरात दिसेनाशी होते.

आणि ती रोज सकाळी आठलाच संपायची! ऑर्डर मात्र एकही नाही. दिवाळी तोंडावर, भाजणी दळून ठेवलेली, पोरगी रडकुंडीला आलेली.

"आई, कोई जानबूझकर कर रहा है," ती म्हणाली. "खासगी बाजार पेठेतला तो मिठाईवालाच असणार. ही दिवाळी अशीच गेली तर मी धंदा बंद करणार, बघा."

मलाही राग आला. त्या दिवसापासून त्याचे पेढे आणणं मी सोडलं. पण सगळी बोटं सात ते आठमध्येच लागतात, असं ती म्हणाली तेव्हा मी थबकले. मिठाईवाला नऊच्या आधी शटर उघडत नाही. सात ते आठ रिकामं कोण असतं, हे मला लग्नापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे फिरायला जाताना कानटोपी विसरून गेले. ती घेऊन मी, हे रोज जाऊन बसतात त्या फूलबागेत पोचले. नुकतीच गावातल्या लष्कर भागातलं आणि आमच्या कॉलनीतलं अशी दोन मराठी मंडळं एक झाली होती. अध्यक्ष कोण, यावर एकमत नव्हतं, पण बाकांवर सगळे फोन डोळ्यांशी धरून एकदिलाने बसलेले. मधे आमचे हे, पूजा सांगितल्यासारखे: "चला, सूनबाईच्या दुकानात पाय ठेवून येऊ! लागलं बोट? आता बाहेर या. पुन्हा आत!"

आपल्यात कुणी दुकान उघडलं की ओळखीच्यांनी रोज एक चक्कर टाकायची, दुकान रिकामं दिसू द्यायचं नाही. तेच चाललं होतं, फोनवर.

"अहो, दर वेळी तिचे पैसे जातात!"

"जातील कसे? आम्ही काही घेतलंच नाही!"

"तेच म्हणते मी. घेतलं का नाही कुणी?"

"वहिनी," शेजारचे काका जरा ओशाळून म्हणाले, "चकली तर घरीच होते ना."

घरी येऊन सांगितलं. सूनबाईने कपाळाला हात लावला आणि मिठाईवाल्याला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या. मी पेढे पुन्हा सुरू केले. ह्यांना तिने चांगलं तासभर समजावलं. ह्यांनी मान डोलावली आणि सकाळी पुन्हा तेच! नव्या मंडळाला थांबवणार कोण, अध्यक्षच ठरायचा होता. मग तिनेच तोड काढली. जाहिरात दुपारी एक ते चार दिसेल अशी लावली.

त्याच आठवड्यात मुरार भागातल्या एका अनोळखी बाईंचा फोन आला. चकली, अनारसे, वर शंकरपाळे. पोरीने फोन ठेवायच्या आत कढई चढवली.

सकाळी हे फोन नाकाशी धरून माझ्यापाशी आले. "अगं, दुकान बंद दिसतंय!"

"दुपारी उघडतं."

"दुपारी तर मी झोपलेला असतो."

"हो ना," मी म्हटलं. "छान झोपा हं."