जे एक बोलेल ते चौघं

माझ्या धाकट्या भावाला बांधाच्या भांडणावरून भरदिवसा चहाच्या टपरीसमोर मारलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला. चार जणांनी डोळ्यांनी बघितलं, चौघंही त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झालेले. पण मारणारा वजनदार. त्याच्याविरुद्ध एकट्यानं बोलायचं म्हणजे गावातून उठायचं.

म्हणून चौघांनी खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलला. जे एक बोलेल तेच चौघं बोलतील, फुटायचं न्हाई. मला केवढा धीर आला! कोर्टातली शपथ आमची माणसं पायऱ्या उतरेपर्यंत विसरतात, पण भंडाऱ्याला लई भितात. खरं तेच बोलू, अशी शपथ मात्र एकानंही घेतली नाही.

साक्षीसाठी तिघं आदल्या दिवशीच बीडला पाहुण्यांकडं गेलते. चौथा सकाळी निघाला, तर शिरूरची एसटी आलीच नाही. मग आरोपीच्या चुलत्याची जीप आली, तिला हात केला. आमच्या रस्त्याला येईल त्या गाडीत बसायचं, हीच रीत. कोर्टाच्या फाटकाशी तो उतरला आणि तिघांनी बघितलं. "ह्यो फुटला बे!" झालं, कारभार आटोपला.

पहिला पुकारा त्याचाच झाला. बाकीचे साक्षीदार बाहेर. मी आत हात जोडून ऐकत होते. काठी कुणाच्या हातात होती, पहिला घाव कुठं बसला, सगळं त्यानं सांगितलं. मग सहीसाठी त्याला आतच थांबवलं, आणि एकामागून एक तिघं आले. "आमी काय बघितलं न्हाई. आमी तिथं नव्हतोच." तो आत फुटलाच असणार असं धरून, त्याच्यासारखंच बोलायचं म्हणून तिघांनीही शपथ पाळली, मुडद्यांनी! वाटलं, तिथंच उठून एकेकाच्या थोबाडीत द्यावी.

आरोपी सुटला.

माझी लेक कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. म्हणाली, "आई, याला गेम थिअरी म्हणतात. भरवसा नसला की जो तो आधी स्वतःला वाचवतो, आणि सगळेच बुडतात." म्हटलं, बाई गं, याला कॉलेज कशाला लागतंय? तुझ्या मामाचा न्याय गेला त्यात.

निकालानंतर तो चौथा दारात आला. आत येईना.

"ताई, आता गावात माझं कोण हाय?"

"मी हाय की."

"तुमच्यामागं तरी माझ्याबिगर कोण हाय, ताई?"