टँकरच्या फायली आणि कुलकर्णी सर

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या गारखेड्यातल्या ऑफिसात नळाला पाणी यायचं पाचव्या दिवशी, किस्से मात्र रोज! माणसं तीनच: कुलकर्णी सर, कन्नडकडच्या एका वाडीचा विष्णू अन् नसत्या चौकशा करणारी मी. तालुक्यांकडून टँकरच्या फायली यायच्या. त्या वाचून कुठल्या गावाला किती खेपा, याची यादी काढणारा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. या एक्सएमएल फायलींत प्रत्येक माहिती दोन टॅगांच्या, म्हणजे खुणेच्या शब्दांच्या, मधे असते, एक उघडणारा, एक बंद करणारा. एक जरी बंद करायचा राहिला, की अख्खी फाइल नापास!

सरांना ही शिस्त लई आवडायची. जेवणाच्या डब्याचं झाकण जरा वाकडं लागलं तरी ते काढून पुन्हा लावायचे.

*

विष्णूला पहिल्याच दिवशी सरांनी समजावलं, "फाइल वाचायच्या दोन तऱ्हा. एक, अख्खी मेमरीत घ्यायची, मग हवं ते शोधायचं. दुसरी, येईल तसं वाचत जायचं. गेलेलं पुन्हा हाती लागत नाही."

"व्हय सर," विष्णू म्हणाला, "एक गच्चीवरची टाकी, अन् दुसरी नळाखालची घागर!"

सरांनी ते लगेच वहीत टिपून घेतलं. मग म्हणाले, "मला हे कळायला सहा महिने लागले होते रे!"

*

एकदा एक फाइल काही केल्या उघडेना. सरांनी तालुक्याच्या क्लार्कला फोन लावला, "भाऊसाहेब, तेवढा शेवटचा टॅग बंद करा."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "करतो साहेब, पण टँकर चालू राहील ना?"

*

प्रोग्राम तपासायला खोट्या नोंदी लागतात. आमच्यात रीत होती, ज्यानं त्यानं आपल्या ठिकाणाचं नाव टाकायचं. सरांचं गारखेडा, माझं पुंडलिकनगर, विष्णूची वाडी. जिच्यावरून टँकर सुटायचे, ती खरी यादी पाठवायच्या आधी सर स्वतः ही नावं पुसायचे.

वाडीला टँकर मंजूर होऊन महिना झाला होता, पण नाव काही फायलीत येईना. विष्णूची आई दीड कोसावरून पाणी आणायची. हा पठ्ठ्या रोज सकाळी आल्याआल्या फायलीत वाडी शोधायचा.

"आलं का रे?" मी विचारायचे.

"नाय."

मला फार वाईट वाटायचं. सर मान खाली घालून काम करत राहायचे.

*

एका मंगळवारी विष्णूचा फोन वाजला. त्याची आई इतक्या मोठ्यानं बोलत होती, की आम्हालाही ऐकू आलं. "इष्णू, टँकर आला रं! हंडे, बादल्या, पिंप, समदं भरलं!"

विष्णूच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी भोचक, लगेच आदल्या दिवशी पाठवलेली यादी उघडली. गारखेडा पुसलेलं. पुंडलिकनगर पुसलेलं. वाडीची टेस्टची नोंद मात्र जशीच्या तशी, रोज दोन खेपा!

तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन आला. "कुलकर्णी, ही टेस्टची नोंद तुमच्या नजरेतून सुटली कशी?"

सरांनी डब्याचं झाकण काढलं, पुन्हा नीट लावलं.

"वय झालं हो साहेब आता."

सर तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते.