फोटोतली हनुवटी

ताईची हनुवटी जरा आत आहे. आमच्या आज्याचीही तशीच होती. त्याला कोणी नापसंत केल्याचं ऐकिवात नाही.

पाचोऱ्याच्या स्टुडिओवाल्याने बायोडाटाचा फोटो काढला आणि न विचारता कॉम्प्युटरवर तिला नवी हनुवटी बसवून दिली. घरात सगळ्यांना फोटो आवडला. मलाही. आमच्या महिला संघटनेच्या पत्रकात दुसऱ्यांची पापं छापणं सोपं असतं, म्हणून हे आधी कबूल करते. तोच फोटो साक्रीच्या स्थळाकडे गेला, पाहुणे आले, आणि मुलाच्या मामाने ताईसमोरच विचारलं, "फोटोमधली पोर कोठे शे?" मुलगा पोह्यांच्या बशीकडे बघत राहिला. दोन दिवसांनी निरोप आला: मुलगी चांगली आहे, हनुवटीचं काही करता आलं तर बघा.

लबाडी फोटोने केली होती. पण आमच्या वडिलांना, नानांना, फोटो बदलण्यापेक्षा मुलगी बदलणं सोपं वाटलं.

जळगावच्या डॉक्टरने तीन प्रकार सांगितले, दुकानदार कापडाचे सांगतो तसे. इंजेक्शनने भराव घालायचा, तो काही महिन्यांनी विरतो. सिलिकॉनचा तुकडा आत बसवायचा, तो कधी सरकतो, कधी जागा पिकते. नाहीतर हाड कापून पुढे ओढायचं आणि पट्टी-स्क्रूने आवळायचं. लग्नसराईआधी सूज उतरेल, हे त्याने आपणहून सांगितलं. तिला चावायला काही त्रास होतो का, हे विचारलं नाही. मी भांडायला लागले तेव्हा नाना म्हणाले, इथे तुझी सभा नाही.

ताईने एकच विचारलं, ओठाचं काय? खालचा ओठ काही महिने बधिर राहू शकतो, क्वचित कायमचा, असं उत्तर आलं.

परतीच्या बसमध्ये मी तिला बाजार, बाईचं शरीर वगैरे ऐकवत होते. ती म्हणाली, "तुला अजून कोणी नाकारलं नाही. गप बस."

आठवड्याने ती मला घेऊन त्याच स्टुडिओत गेली आणि बाजूने फोटो काढायला लावला. तो कॉम्प्युटरकडे वळला तशी म्हणाली, "भाऊ, हात लावायचा नाही." नानांना न विचारता तिनेच तो मोबाइलवरून साक्रीला पाठवला. खाली लिहिलं, मी अशी आहे, ऑपरेशन करणार नाही.

उत्तर आलं नाही. सुटलीस, असं मी म्हणणार होते. पण तिला तो मुलगा आवडला होता, आणि मोबाइल ती अजून हातातच घेऊन बसते.