माळावरचं आवतण

परवा गल्लीतल्या क्लबाची पोरं घरी आली. त्यांच्या मैदानावर सामना बघायला कोणी फिरकत नाही, तुम्ही जुने खेळाडू, काहीतरी उपाय सांगा, म्हणाली. मी चहा पाजला आणि त्यांना कटवलं. मला ठाऊक असलेला उपाय त्यांच्या कामाचा नव्हता, आणि तो सांगायला बसलो असतो तर रात्री पोरांना झोप लागली नसती.

माझ्या तरुणपणी आमच्या गावच्या क्लबाचा सेक्रेटरी मी आणि गोलकीपरही मीच. दोन्ही कामांत माणसाला उभं राहून बघत बसावं लागतं. बाकीचे पुढे धावायचे आणि मी मागे उभा राहून आज माळावर कोण कोण आलं ते बघायचो. कोणीच आलेलं नसायचं. मुरबाडला सामना असला की दुकानदार दुकानं उघडी टाकून यायचे. शहापूरला पोरं शाळेच्या भिंतीवर चढून बसायची. आणि आमच्या गावात, सिद्धगडाच्या अंगाला, गोल झाला तरी आवाज नाही. चेंडूला लाथ बसल्याचा धप्प आवाज तेवढा डोंगरावर जाऊन परत यायचा. तोही जरा उशिराने यायचा. पलीकडे आणखी कोणी खेळतंय असं वाटायचं, आणि हाफटाइमनंतर पाहुण्या संघाची पोरं आपसात बोलेनाशी व्हायची.

कारण सगळ्यांना माहीत होतं. मी रांगत होतो त्या सालच्या पावसाळ्यात गावात पटकी आली होती. सरण रचायला सुकी लाकडं उरली नाहीत, तेव्हा माणसं खालच्या माळावर पुरली. कोणाचं दहावं नाही, तेरावं नाही. जगलेल्यांना रडायलाही सवड मिळाली नव्हती. त्यानंतर त्या माळावर ना नांगर गेला ना गुरं गेली. म्हणून तर आम्हाला तो फुकट मिळाला. आम्ही चार बुकं शिकलेली पोरं. असल्या खुळचट समजुतींना आम्ही भीक घालत नव्हतो. ऐनाची लाकडं रोवून गोलपोस्ट उभे केले आणि खेळायला लागलो.

क्लब खरा उभा केला तो आमच्या कॅप्टनने. तो मुंबईच्या गोदीत दोन वर्षं काढून आला आणि येताना एक कातडी फुटबॉल घेऊन आला. पाय डावा, आणि तोंड कायम उघडं. मी जरा चुकलो की माळाच्या त्या टोकावरून ओरडायचा, "अरे, तुझी डावी बाजू म्हंजे उघडं दार हाय!" घरी तो आणि त्याची आई, दोघंच. आई गावातली धवलारीण. आमच्याकडे लग्नात हळदीच्या दिवशी धवलारीण गाण्यातून आवतण देते. आधी देवांना, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ते झाल्याशिवाय मांडवात पाहुणा बसत नाही. तिचा आवाज जाड होता आणि कापत नसे. लहानपणी मला त्या आवाजाची भीती वाटायची, कारण तिने नाव घेतलं की ते माणूस मांडवाच्या दारात येऊन उभं आहे असं वाटायचं.

गर्दी जमवायला मी काय कमी केलं? वाडीवाडीत दवंडी पिटवली. लेझीमवाले आणले. गुळाचा चहा ठेवला, तर लोकांनी तो माळाच्या वर, चढावरच्या चिंचेखालीच मागवून घेतला, पिऊन भांडी पालथी घातली आणि घरी गेले. शेवटी मुरबाडच्या एका दुकानदाराच्या हातापाया पडून त्याचा ग्रामोफोन आणला. त्याने माळावर तबकडी लावली. वर चिंचेखाली सगळा गाव उभा, पण खाली कोणी उतरेना. गाणं अर्धंही झालं नव्हतं तोच दुकानदाराने सुई उचलली आणि कर्णा फडक्यात गुंडाळायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आवाज वर जातच नाय," तो म्हणाला. "कुनीतरी हितंच पितंय."

मी त्याला वेड्यात काढलं. पण वर जाऊन चिंचेखालच्या माणसांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, आमाला काय ऐकू आलं नाय.

लढाई सुरू झाली होती. भरतीवाले मुरबाडला येऊन गेले आणि कॅप्टनने नाव दिलं. निघायच्या आधी घरच्या माळावर एकच सामना उरला होता, शहापूरवाल्यांशी. मी पुन्हा गर्दीचं पुराण लावलं, तेव्हा तो माझ्यावर खेकसला.

"तुला गर्दी पायजे. मला फकस्त आय पायजे. तिनं मला खेळताना एकदा बी बघितला नाय."

आम्ही तिच्याकडे गेलो. ती ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मी गावाच्या इभ्रतीवर भाषण सुरू केलं. तिने मला मध्येच तोडलं.

"माझा थोरला तिथं हाय. त्याच्या उरावर नाचता तुमी. ते मी येऊन बघू?"

माझं डोकं फिरलं. आधीच माझा स्वभाव तापट. मी म्हणालो, "काकी, मेलेली माणसं काही फुटबॉल बघत नाहीत. जित्यांनी तरी बघावा!"

ती रागावली नाही. सूप खाली ठेवून तिने विचारलं, "लग्नात पयलं आवतन कुनाला रे?"

"देवाला."

"मंग?"

"घरातल्या गेलेल्यांना."

"आनि तुमी कुनाला दिलं? वाडीवाडीला. लेझीमवाल्यांना. माळ कुनाचा? त्यांचा. घरधन्याला इचारल्याबिगर पावना घरात शिरंल का? त्यांना कुनी बोलावलंच नाय, मंग आमी कशी येऊन बसू?"

मला हसू आलं. कॅप्टनला आलं नाही. त्याने हळूच विचारलं, "तू गाशील, आये?"

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग जे बोलली ते ऐकून माझंही हसू आटलं. ज्यांचं दहावं-तेरावं झालं नाही त्यांना लग्नात बोलवत नाहीत. म्हणजे पटकीच्या सालापासून त्या माणसांना कोणी, कशालाही, एकदाही बोलावलं नव्हतं. ज्या घरी तिने गायलं, त्या घरचं नाव ओठाशी आलं की ती गिळून पुढे जायची. थोरल्याचंही गिळायची.

"गायीन," ती म्हणाली.

सामन्याच्या दिवशी शहापूरची पोरं बैलगाड्यांतून उतरली. ऊन अजून डोक्यावरच होतं. काकी माळाच्या कडेला उभी राहिली. ओंजळीत हळदीचे तांदूळ. वर चिंचेखाली गाव उभा होता, खांद्यावर घडी केलेली घोंगडी घेऊन. तिने आदल्या दिवशी घरोघर तसं सांगून ठेवलं होतं. तिने सूर लावला. पहिलं नाव घेतलं, तांदूळ टाकले, आणि त्या घरचा एक म्हातारा उतरणीवरून खाली आला. माळ ओलांडून तो खालच्या गोलपोस्टाच्या मागे गेला, घोंगडी अंथरली, हाताने सारखी केली आणि परत येऊन वरच्या अंगाला बसला. मग दुसरं नाव. दुसरं घर. डोंगरावरून दिवसभर वाहणारा वारा केव्हा पडला ते मला कळलंही नाही. शेवटी तिच्या थोरल्याचं नाव राहिलं. तिथे तिचा आवाज पहिल्यांदा कापला, पण तिने नाव घेतलं. स्वतः जाऊन घोंगडी अंथरली. आणि सगळा गाव वरच्या बाजूला दाटीवाटीने बसला. खालच्या बाजूला गोलामागे नुसत्या घोंगड्या.

शहापूरवाल्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ही इथली काही रीत असेल, असं ते समजले. हाफटाइमपर्यंत खालच्या गोलात त्यांचा कीपर होता. बाजू बदलताना आम्ही मधल्या रेघेवर समोरासमोर आलो. बिचारा घामाने थबथबला होता आणि तोंडावर रंग नव्हता.

"तुमची गोलामागची मानसं जरा मागं सरकवा," तो मला म्हणाला. "अंगावर येतात."

मी वळून पाहिलं. घोंगड्या होत्या तिथेच होत्या.

मग माझी पाळी आली. गोलात उभा राहिलो आणि मला कळलं. आपल्या पाठीमागे माणसं बसली असली की मानेला ते न बघताही समजतं, तसं समजलं. कोणी बोलत नव्हतं, हलत नव्हतं. चेंडू पोस्टाला चाटून बाहेर गेला तेव्हा मात्र मागे सगळ्यांनी मिळून श्वास सोडल्यासारखं झालं, आणि माझ्या पोटऱ्यांना ऊब लागली. मला घाबरायला हवं होतं. मी घाबरलोही. पण खरं सांगायचं तर त्या भीतीत मला बरंही वाटत होतं. इतकी वर्षं ओस पडलेल्या माळावर कोणीतरी आमचा खेळ मन लावून बघत होतं.

कॅप्टनने डाव्या पायाने गोल मारला. वर काकी उभी राहून बायकांना ओरडून सांगायला लागली, "माझा हाय गो तो! माझा धाकटा!" आणि गाव असा काही उसळला की आवाज सिद्धगडावर जाऊन परत आला. कॅप्टन मधल्या रेघेवर गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. आईकडे बघून हसत होता आणि रडत होता.

सामना संपल्यावर घरोघरच्या माणसांनी आपापली घोंगडी उचलली आणि माळाकडे तोंड करून झटकली. घडी घालायच्या आधी झटकायची, म्हणजे पाहुणा आपल्या जागी राहतो, मागे मागे घरी येत नाही. काकीनेही झटकली. दोन दिवसांनी कॅप्टन लढाईवर गेला.

पुढे दर वर्षी आमच्या माळावर आवतण झालं आणि दर वर्षी गर्दी वाढत गेली. मुरबाडवाले आपणहून आमच्याकडे खेळायला यायला लागले. आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं भाकऱ्या बांधून यायची. सेक्रेटरी म्हणून मी मिशीला पीळ द्यायला हवा होता. पण मला हळूहळू कळत गेलं की ती माणसं खेळ बघायला येत नव्हती. कॅप्टनची काही खबर नव्हती. ब्रह्मदेशात आहे म्हणत, कोणी म्हणे त्याच्याही पुढे. लोक येत होते ते काकीचं गाणं ऐकायला. थोरल्याच्या नावानंतर ती थांबते की पुढे आणखी एक नाव घेते, ते बघायला. ती थोरल्याचं नाव घ्यायची, ओंजळ रिकामी करायची आणि थांबायची. माळभर माणसं श्वास धरून बसलेली असायची. मग ती जित्यांच्या बाजूला येऊन बसायची आणि लोक एकमेकांकडे बघून माना हलवायचे. त्या माना बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी दोघांना शिव्या देऊन माळावरून हाकललं. ते चिंचेखाली जाऊन उभे राहिले.

लढाई संपली. गेलेली पोरं एकेक करून परत यायला लागली. पलीकडच्या वाडीतला एक शिपाई काकीच्या ओटीवर येऊन बसला आणि त्याने जे बघितलं होतं ते तिला सांगितलं. नदी ओलांडताना कॅप्टन वाहून गेला होता. पुरायलाही हाती लागला नव्हता. तिने त्या शिपायाला जेवायला वाढलं. कोणापुढे ती रडली नाही. दहावं करू का विचारायला भाऊबंद गेले, तर म्हणाली, बघू.

त्या सालच्या सामन्याला माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मला ती गर्दी नको होती. आयुष्यात पहिल्यांदा मला आमचा माळ ओस हवा होता. काकी आली तेव्हा तिच्या खांद्यावर दोन घोंगड्या होत्या. तिने सगळ्यांची नावं घेतली. थोरल्याचं घेतलं. ओंजळीत तांदूळ शिल्लक होते. सगळ्या माळावर एक पोरसुद्धा खोकलं नाही. तिने धाकट्याचं नाव घेतलं, जाड, सरळ आवाजात, एखाद्या घरच्या लग्नात घ्यावं तसं. मग ती आम्हा खेळाडूंच्या मधून, माळ ओलांडून चालत गेली. दुसरी घोंगडी अगदी खालच्या गोलाला लागून, कीपरच्या डाव्या अंगाला अंथरली. तिने घोंगडीच्या सुरकुत्या सारख्या करेपर्यंत आम्ही सगळे उभे होतो.

हाफटाइमनंतर मी त्या गोलात उभा असताना एक फटका आला. समोर माणसांची दाटी, मला चेंडू दिसलाच नाही. पण मी डावीकडे उडी मारली आणि चेंडू माझ्या छातीत येऊन बसला. डावीकडे जा, असं मला कोणी सांगितलं, ते मी आजवर कोणाजवळ बोललो नाही.

सामना संपला. घरोघरची माणसं आपापल्या घोंगड्या झटकायला लागली. धूळ उडत होती. काकीने थोरल्याची घोंगडी उचलली, माळाकडे तोंड केलं आणि झटकली. मग ती माझ्या गोलाशी आली. मी हातात चेंडू धरून उभा होतो. तिने वाकून ती दुसरी घोंगडी चारी कोपरे आत घेऊन हळूच गुंडाळली, आत काही सांडू नये अशी. झटकली नाही. छातीशी धरली, चढण चढून चिंचेखालून गेली आणि घरी घेऊन गेली.