वळणावरचा मान

आज सकाळी खाडीच्या वळणावर प्रवासी लाँचचं इंजिन मंद झालं. त्या जागी पाण्यात कोणीच नव्हतं. माझा मित्र सुधाकर तिथे कयाक थांबवून गळ टाकायचा. कयाकमध्ये माणूस पाण्यापासून जेमतेम वीतभर वर बसतो. शेजारून भरधाव बोट गेली की तिची लाट आडवी येते आणि कयाक उलटते. गेल्या वर्षी सुधाकर तसाच गेला. तेव्हापासून सगळ्या बोटी तिथे हळू होतात.

मी अजूनही माझ्या कयाकमधून गळ टाकतो, वळणापासून पन्नास हात पुढे. काल धक्क्यावर या लाँचच्या चालकाला विचारलं, "दादा, माझ्याजवळून जाताना वेग का वाढवता?"

"वळणावर हळू जातो की, भाऊ. तिथं माणूस गेलाय."

"आणि मी?"

"तुम्ही काय, लांबून दिसता," तो हसून म्हणाला.

गेलेल्याचा मान राखायला सोपा, त्याची जागा ठरलेली असते. जिवंत माणूस आज इथे, उद्या तिथे.

वळण संपलं आणि इंजिनाचा आवाज चढला. मी गळ ओढून घेतला, कयाकचं तोंड लाटेकडे वळवलं आणि वल्हं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.