शून्य खर्चाची खुर्ची

अगं चाकवाले,

तुझ्यावर लिहितेय म्हटल्यावर तू बजावलंस, "कौतुक नको, आकडे घाल." आकडे मोजकेच घालते. कौतुकाचा प्रश्नच नव्हता, कारण मुळात चूक तुझी होती. वाचकांना तू कोण ते ठाऊक नाही, तेव्हा जरा गप्प बस आणि मला सांगू दे.

तर ही बाई टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली. घरी बसवेना, म्हणून आजाऱ्यांना चाकाच्या खुर्च्या, वॉकर, पलंग फुकट वापरायला देणारी संस्था काढून मोकळी झाली. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, मागच्या खोलीत मिस्त्री आणि ग्रीसचा वास. खजिनदार म्हणून सख्खा दीर, कारण वहिनीला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

दोघांना एका गोष्टीचा फार तोरा. दरवर्षीच्या अहवालात ठळक अक्षरांत छापायची, 'व्यवस्थापन खर्च शून्य'. वाचून देणगीदार भारावून जायचे. खरं तर मिस्त्रीचा पगार ही आपल्या पेन्शनमधून द्यायची आणि विजेचं बिल दीर स्वतःच्या खिशातून भरायचा. यातलं काहीच वहीत येत नसे. जगाचा समज असा, की इथल्या खुर्च्या आपोआप दुरुस्त होतात.

मग हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पेन्शन औषधांत जायला लागली, मिस्त्रीचा पगार थकू लागला. त्यातच सायकलच्या दुकानाने मिस्त्रीला दीडपट पगार देऊ केला. "महिनाअखेरपर्यंत थांबतो, बाई," तो म्हणाला. "मलाही घर आहे."

मिस्त्री गेला की संस्था म्हणजे भंगाराचं दुकान, हे हिला पक्कं ठाऊक. बँकेत पैसे होते, पण ते पाण्याचे पंप विकणाऱ्या शेठजींनी बारा नव्या खुर्च्यांसाठी दिलेले.

"वहिनी, दहाच घेऊ," दीर हळूच म्हणाला. "उरलेल्यातून पगार. कोण मोजायला येतंय?"

"मी मोजते ना, भाऊजी. खुर्च्यांचे म्हणून घेतलेत. परस्पर वळवायचे नाहीत. त्यांनाच विचारू."

दोघांनी त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारलं. शेठजींनी टेबलावरचा अहवाल उघडून हिच्यापुढे सरकवला. "हे तुम्हीच छापलंय ना? खर्च शून्य. मग पगार कुठून उपटला? माझा पैसा फक्त खुर्चीला." दीर छताकडे बघत बसला. आपल्याच मोठेपणाने आपलीच फजिती केली होती.

घरी पोचल्यावर हिने शेठजींना फोन केला, "खुर्च्यांची ऑर्डर देण्याआधी एकदा येऊन जा. फोटोही काढू." फोटो म्हटल्यावर शेठजी कोट घालून आले.

"बसा ना खुर्चीत. छान येईल," ही म्हणाली.

शेठजी ऐटीत बसले. दिराने मागून ढकललं. खुर्ची पुढे जाण्याऐवजी डावीकडे वळली आणि स्वतःभोवती फिरायला लागली. एक चाक गच्च अडकलेलं. दोन फेऱ्या झाल्या.

"अहो, थांबवा हिला," शेठजी खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाले. "कुठलं भंगार आणलंत हे?"

"गेल्या वर्षीचं तुमचंच दान. पाठीवर नाव आहे बघा. खुर्ची तुमच्या पैशातून, दुरुस्ती आमच्या शून्यातून."

मागच्या खोलीत मिस्त्रीला खोकल्याची उबळ आली. खोकला नव्हता तो.

शेठजी लाल झाले. बोलणार होते, पण हिने संधी दिली नाही. "रागवा, पण आधी माझ्यावर. ते शून्य खोटं होतं. पगार मी देत होते आणि मिरवत होते. एक खुर्ची वर्षभर धावायला टायर लागतात, बेअरिंग लागतात आणि ती बसवणारा माणूस लागतो. पुढच्या अहवालात सगळं छापणार आहे. तुम्ही पंप विकता, त्यांची दुरुस्ती फुकट करता?"

"फुकट कशी करू?" ते तुटकपणे म्हणाले, आणि मग स्वतःच थबकले. कोट झटकून उठले. बरीच घासाघीस झाली. शेवटी दहा खुर्च्या, आणि उरलेले पैसे मिस्त्रीच्या पगाराला. हिने ते तिथल्या तिथे त्यांच्या सहीने लिहून घेतलं. बाकीचा वर्षाचा वाढीव पगार दुसऱ्या देणगीदारांकडून, खरे आकडे दाखवून उभा केला. मिस्त्री राहिला. दीर मात्र शून्य गेल्याच्या दुःखात आठवडाभर जुने अहवाल चाळत बसला.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते. मिस्त्री खोक्यावर बसून काम करतो, त्याला धड स्टूल आणू या, असं आपलं ठरलं. दुकानाच्या दारापर्यंत गेलो. तिथे तू विचारलंस, "हा खर्च कुठल्या खात्यात?" मी म्हटलं, माझ्या पर्समध्ये. तू म्हणालीस, "म्हणजे पुन्हा तेच. रीतसर देणगी दे, पावती घे, मग आणू." पावतीपुस्तक तुझ्या भाऊजींच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात आणि ते गावाला. दुकानातला पोरगा आपल्याकडे बघतच राहिला. स्टूल अजून दुकानातच आहे.